कास्ट आयर्न बुलेट ३५०: ‘फुल इंजिन काम’ करताना काय मोजावे आणि काय बदलावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९८६ सालची बुलेट ३५० बरीच वर्षे कोकणातल्या घराच्या पडवीत झाकून ठेवलेली होती. अलीकडे ती सुरू केली तेव्हा सायलेन्सरमधून निळा धूर आला, वेग वाढवताना खालून ठकठक असा आवाज येऊ लागला, दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना मधेच न्यूट्रल लागते आणि किक अधूनमधून रिकामी जाते. ‘फुल इंजिन काम करा आणि गिअरबॉक्स आख्खा नवा बसवा’ असे गॅरेजमध्ये आपल्याला सांगण्यात आले आहे. हे सर्व खरोखर आवश्यक आहे का, असल्यास कोणत्या क्रमाने करावे आणि त्यातले घरी कितपत करता येईल, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. इंजिन बहुधा पूर्ण खोलावे लागेल, असे मलाही वाटते. गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला मात्र मला पटत नाही, आणि इंजिनातलेही जे भाग मापात बसतात ते केवळ जुने आहेत म्हणून टाकून देऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. या गाडीच्या बाबतीत मद्रासच्या कारखान्यातून बसून आलेला, थोडासा झिजलेला मूळ भाग आज दुकानात मिळणाऱ्या नव्या भागापेक्षा पुष्कळदा सरस ठरतो.

आपल्या गाडीतले इंजिन ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचे, म्हणजे ३४६ सीसीचे आहे. १९५५ साली इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफील्डने मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफील्ड इंडिया ही कंपनी उभी केली, तिरुवोट्टियूरला गाड्यांची जुळणी सुरू झाली, पुढे साचे आणि यंत्रसामग्रीही तिकडे आली, आणि मूळ रचनेत फारसा बदल न होता हे इंजिन जवळजवळ अर्धे शतक बनत राहिले. त्यामुळे सुट्या भागांची टंचाई नाही. अडचण आहे ती एकाच भागाच्या अनेक बनावटींची आणि त्यांच्या मापांत पडणाऱ्या फरकांची. ‘कास्ट आयर्न’ हे नावही अर्धेच खरे आहे, कारण ओतीव लोखंडाचा असतो तो ब्लॉक. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते, आणि दोन्ही धातू तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत ही गोष्ट नट आवळताना लक्षात ठेवावी लागते.

खोलण्याआधी एक दिवस तपासणीला द्या. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या बुलेटमध्ये टाकीतले तेल पंपातून हळूहळू झिरपत खालच्या चेंबरमध्ये साचते. हे इंजिन ड्राय संप पद्धतीचे आहे, म्हणजे तेलाची टाकी क्रँककेसच्याच ओतकामात मागच्या बाजूला असते आणि फ्लायव्हीलच्या चेंबरमध्ये एरवी तेल जवळपास नसायला हवे. अशी साचलेली गाडी किक मारून सुरू केली की अर्धे गाव धुराने भरते, आणि पाहणारा लगेच ‘रिंगा गेल्या’ असा निवाडा देतो. तळाचे सर्व ड्रेन प्लग काढून जुने तेल पूर्ण उतरवा, २०डब्ल्यू५० ग्रेडचे नवे तेल भरा आणि मगच धुराकडे पाहा. थंड गाडी सुरू करताना धूर येऊन थोड्या वेळाने विरळ होत असेल तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीवर, घ्यावा. गॅस दिल्यावर सतत येत असेल तर रिंगा आणि बोअरवर. आणि कसेही चालवले तरी दाट धूर थांबत नसेल तर चेंबरमधले तेल परत उचलणारा रिटर्न पंप नीट काम करत नाही, हे गृहीत धरावे. हा पंप अशक्त असताना कितीही चांगला पिस्टन टाकला तरी धूर तसाच राहतो.

आवाजाचेही तसेच आहे. बिग एंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकातल्या बेअरिंगचा, ठोका खोल असतो आणि गॅस देता-सोडताना, म्हणजे भार बदलताना, स्पष्ट होतो. पिस्टनचा आवाज थंड असताना जास्त आणि तापल्यावर कमी होतो. पण सैल झालेली प्रायमरी चेन आणि ढिला झालेला अल्टरनेटरचा रोटर हुबेहूब बिग एंडसारखे वाजतात, म्हणून डाव्या बाजूचे प्रायमरी कव्हर आधी उघडावे. रोटरच्या मधल्या नटाला पाना लावून पाहावा, चेनचा झोल सर्वांत घट्ट जागी सुमारे ६ मिलिमीटर आहे का ते बघावे, आणि मगच क्रँकवर आरोप करावा. कव्हर उघडलेच आहे तर आणखी एक परीक्षा करा. बुलेटची किक गिअरबॉक्समधून आणि क्लचमधून इंजिनापर्यंत पोहोचते. कोणाला तरी किक हळू दाबायला सांगा आणि क्लचकडे पाहा. किक खाली जाताना क्लचचा आतला भाग फिरत असेल, पण बाहेरची चेन जागची हलत नसेल, तर क्लच घसरतो आहे. क्लचच स्थिर असेल तर दोष किकच्या खटक्यात आहे. या एका निरीक्षणाने गिअरबॉक्सचे निम्मे निदान होऊन जाते.

खोलताना घाई नको. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्या, नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत चिठ्ठी लावून ठेवा, इनलेट आणि एक्झॉस्टच्या पुशरॉडवर खुणा करा. रॉकरचे बेअरिंग दोन भागांचे असते आणि दोन्ही अर्धे एकत्र ठेवून आतले भोक पाडलेले असते, त्यामुळे एका रॉकरचा अर्धा दुसऱ्याला कधीही लावू नये. तसे केल्यास रॉकर आवळल्यावर जाम होतो आणि लोक त्याला ‘नवीन आहे, मोकळा होईल’ असे म्हणतात. तो मोकळा होत नाही, पुशरॉड वाकवतो. उजव्या बाजूला टायमिंग पिनियन धरून ठेवणारा, पंप फिरवणारा वर्मचा (मळसूत्री गिअरचा) नट डाव्या आट्याचा, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटणारा, असतो. तो उलट्या दिशेने सोडण्याच्या प्रयत्नात आटे गेलेली शाफ्टची टोके गॅरेजमध्ये नेहमी पाहायला मिळतात. पिनियन आणि क्लच सेंटर यांच्यासाठी पुलर भाड्याने मिळतो; छिन्नी-हातोड्याने ही कामे करू नयेत आणि कोणाला करू देऊ नयेत.

ब्लॉक निघाल्यावर बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी गाडीच्या लांबीच्या दिशेने आणि आडवे, अशी सहा मापे घ्या. सर्वांत जास्त झीज वरच्या रिंगेच्या जागी, पुढच्या-मागच्या दिशेने सापडते. ही झीज साधारण ०.२ मिलिमीटरच्या आत असेल, उभे ओरखडे नसतील आणि पिस्टनचा स्कर्ट चांगला असेल, तर बोअर हलक्या हाताने होन करून (बारीक दगडाने घासून) नव्या रिंगा टाकल्याने काम भागते. त्यापेक्षा जास्त असेल तर बोअरिंगला पर्याय नाही. या ब्लॉकसाठी २०, ४० आणि ६० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अशा वाढीव मापांचे पिस्टन मिळतात. आधी झालेल्या कामात कोणते माप वापरले गेले ते पिस्टनच्या माथ्यावर कोरलेले असते, ते पाहा. ६० आधीच होऊन गेले असेल तर स्लीव्ह (ब्लॉकच्या आत बसणारी नवी नळी) टाकणे किंवा दुसरा ब्लॉक शोधणे एवढेच उरते.

पिस्टन आधी विकत घ्यावा आणि लेथवाल्याच्या हातात तो देऊनच बोअर करून घ्यावा, हा नियम मोडू नका. ‘२० साइझ मारून ठेवतो, पिस्टन नंतर आणा’ असे कोणी म्हणाले तर काम दुसरीकडे न्यावे. दोन बनावटींच्या २० थाऊच्या पिस्टनांत इतका फरक असतो की एक जाम होईल आणि दुसरा वाजेल. हवेवर थंड होणाऱ्या या इंजिनात स्कर्टपाशी साधारण ०.०८ ते ०.१० मिलिमीटर मोकळीक हवी. पिस्टनच्या खोक्यावर त्याहून वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट मोजावी. दर इंच बोअरमागे ४ थाऊ हा जुना हिशेब इथे चालतो, म्हणजे ७० मिलिमीटरला सुमारे ०.२८ मिलिमीटर. फट कमी असेल तर बारीक कानशीने वाढवता येते, ज्यादा असेल तर रिंग परत करावी. होनिंगनंतर ब्लॉक रॉकेलने धुऊन भागत नाही, कारण दगडाचा बारीक कस लोखंडाच्या छिद्रांत राहतो. गरम पाणी, साबण आणि ब्रश यांनी तो धुवावा, पांढरे फडके आत फिरवून काळे होत नाही याची खात्री करावी, आणि ताबडतोब तेल लावावे. कोकणातल्या हवेत उघडा धुतलेला ब्लॉक संध्याकाळपर्यंत गंजाने लाल होतो.

हेडबद्दल फार लिहीत नाही, कारण हे काम बहुतेक कारागीर बरे करतात. गाइडमध्ये व्हॉल्व्ह हलवून पाहावा. एक्झॉस्टचा गाइड आधी झिजतो आणि तो बदलला तर सीट पुन्हा कापून घ्यावीच लागते, कारण नव्या गाइडचा मध्य जुन्या सीटशी जुळेलच असे नाही. लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह पेस्ट लावून सीटवर घासणे, झाल्यावर पोर्टमध्ये पेट्रोल ओतून ठेवावे आणि दुसऱ्या बाजूने ओल येत नाही ना ते पाहावे.

आता बिग एंड. पिस्टन काढून कनेक्टिंग रॉड सर्वांत वरच्या स्थितीत आणा, दोन्ही हातांनी धरा आणि सरळ वर-खाली ओढा-ढकला. बाजूला थोडे डोलणे स्वाभाविक आहे, पण वर-खाली हाताला जाणवेल अशी कोणतीही ढिलाई चालणार नाही. या इंजिनात मूळची रचना फ्लोटिंग बुशची आहे, म्हणजे क्रँकपिन आणि रॉड यांच्यामध्ये एक सुटा बुश तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हल्ली त्याऐवजी रोलर बेअरिंगचा संच बसवण्याची पद्धत रूढ झाली आहे आणि आपल्यालाही तोच सुचवला जाईल. तेल कमी पडले तर रोलर थोडा अधिक तग धरतो, हे खरे आहे. पण बाजारातल्या रोलर संचांची प्रत फार असमान असते, आणि साठच्या आसपासच्या वेगाने चालणाऱ्या गाडीत, तेल स्वच्छ आणि तेलाची वाट मोकळी असेल तर फ्लोटिंग बुश उत्तम चालतो. मी स्वतः चांगला मूळ बुश मिळत असेल तर तोच घालतो, कारण त्याच्या मृत्यूचे कारण जवळजवळ नेहमी तेलाची उपासमार असते आणि ते कारण दूर न करता रोलर घालणे म्हणजे रोग तसाच ठेवून पलंग बदलणे होय.

क्रँक दाबून खोलणे, नवी पिन बसवणे आणि पुन्हा जोडणे हे घरचे काम नाही. ते प्रेस आणि लेथ असलेल्या, बुलेटचे क्रँक नित्य करणाऱ्या कारखान्यातच द्यावे, आणि परत घेताना दोन गोष्टी समोर करून मागाव्या. पहिली, दोन्ही शाफ्टची टोके सेंटरवर धरून डायल गेजने थरथर मोजणे. ती ०.०५ मिलिमीटरच्या आत असलीच पाहिजे आणि चांगला कारागीर ती त्याच्या निम्म्यावर आणतो. दुसरी, क्रँकपिनच्या पोकळीतला आणि फ्लायव्हीलमधल्या तेलाच्या भोकातला गाळ साफ झाल्याची खात्री. टायमिंगच्या टोकाच्या भोकात तेलाच्या डब्याने दाब द्या. बिग एंडच्या दोन्ही कडांनी तेल पाझरताना डोळ्यांना दिसले पाहिजे. दिसले नाही तर क्रँक ताब्यात घेऊ नका.

तेलाच्या या वाटेविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण कास्ट आयर्न बुलेटची बहुतेक ‘नवी केलेली’ इंजिने काही महिन्यांत पुन्हा वाजू लागतात ती इथेच. उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरमध्ये दोन पंप असतात. एक टाकीतले तेल ओढून फिल्टरमधून क्रँकच्या टोकात ढकलतो, तर दुसरा, जो मुद्दाम जास्त क्षमतेचा असतो, तो चेंबरमध्ये पडलेले तेल उचलून नळीने वर रॉकरकडे पाठवतो. तिथून ते पुशरॉडच्या वाटेने टायमिंगच्या बाजूला उतरते आणि टाकीत परत येते. कव्हरमधून फिरत्या क्रँकच्या टोकात तेल जाते ते एका छोट्याशा सीलच्या भरवशावर. जुन्या गाड्यांत हे सील कॉर्कचे असते. कव्हर बसवले की ते वर्मच्या टोकाभोवती दाबले जाऊन घट्ट बसावे, अशी योजना आहे. म्हणून कव्हर लावण्याआधी कॉर्क आपल्या खाचेतून किंचित बाहेर उभा आहे ना, हे बोटाने चाचपावे. तो खाचेच्या पातळीत बसला असेल, आकसून कडक झाला असेल किंवा कव्हरखाली दुहेरी पॅकिंग लावल्यामुळे टोकापर्यंत पोहोचतच नसेल, तर पंप उत्तम असूनही तेल त्याच फटीतून टायमिंग चेंबरमध्ये सांडते आणि बिग एंडपर्यंत जेमतेम पोहोचते. बाहेरून काहीही कळत नाही. रॉकरला तेल येत असते, कारण ते दुसऱ्या पंपाचे असते. मालक नळीचा बोल्ट सैल करून तेल पाहतो, समाधानाने गाडी घेऊन जातो आणि बिग एंड मात्र कोरडा फिरत राहतो. काही रुपयांची ही चकती प्रत्येक वेळी नवीच घालावी आणि तेलात भिजवून बसवावी.

पंपाची चकती आणि तिची बैठक या दोहोंवर ओरखडे असतात. जाड काचेवर अगदी बारीक लॅपिंग पेस्ट घेऊन चकती आठच्या आकड्यात फिरवावी, पृष्ठभाग सगळीकडे सारखा राखाडी झाला की धुवावी, मग बैठकीवर हलके घासून संपर्क पाहावा. पंप फिरवणाऱ्या स्पिंडलचे दात वर्मने खाल्लेले असतील तर स्पिंडल बदलावा. पंपाच्या झाकणाखालचे पॅकिंग फाटके किंवा जाड नको, कारण तिथून हवा ओढली गेली की तेल उचलले जात नाही. सिलिकॉनची ट्यूब इथे जवळही आणू नये. आत पिळलेला सिलिकॉनचा धागा सुटून तेलाच्या भोकात अडकतो.

कॅमचे गिअर ठिपक्यांच्या खुणांप्रमाणे जुळवावेत, कॅम ज्या स्पिंडलवर फिरतात ते वाकडे किंवा सैल नाहीत ना ते पाहावे, टॅपेटचे पाय खड्डे पडलेले असतील तर बदलावेत. टायमिंगच्या गिअरचा थोडा किणकिणाट या इंजिनाचा स्वभावच आहे, त्यासाठी आख्खा संच बदलू नये.

बेअरिंग काढण्या-बसवण्यासाठी क्रँककेस गरम करावी लागते. पाण्याचा थेंब पडताच चुरचुरून उडेल इतकी सर्वत्र सारखी तापली की बेअरिंग जवळजवळ आपोआप उतरते. एकाच जागी गॅसची ज्योत मारली तर ओतकाम वाकते. क्रँककेसचे दोन अर्धे कारखान्यात जोडीनेच यंत्रावर कापलेले असतात, म्हणून एक फुटला तर दुसऱ्या गाडीचा अर्धा लावून चालत नाही. त्यात इंजिन नंबर क्रँककेसवरच असतो. आपल्या गाडीला पंधरा वर्षे केव्हाच होऊन गेली आहेत, म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना हा नंबर तपासला जाणार. त्यामुळे तडा किरकोळ असेल तर चांगल्या वेल्डरकडून आर्गन वेल्डिंग करून मूळ केस वाचवणे, हेच सर्व दृष्टींनी शहाणपणाचे.

गिअरबॉक्स चार गिअरचा, अल्बियन रचनेचा आहे आणि क्रँककेसच्या पाठीला बोल्टने जोडलेला आहे. क्लच उतरवला की त्याचे सगळे गिअर उजव्या बाजूने बाहेर येतात, त्यासाठी पेटी गाडीवरून काढावीही लागत नाही. म्हणजे इंजिन लेथवाल्याकडे गेलेले असताना हे काम घरी निवांत करता येते. आपल्या दोन तक्रारींपैकी मधेच लागणारे न्यूट्रल या गिअरबॉक्सची जगप्रसिद्ध खोड आहे आणि तिचे मूळ क्वचितच गिअरच्या दातांत असते. इथे एकच फोर्क (गिअर सरकवणारा काटा) दोन्ही शाफ्टवरचे सरकते गिअर एकाच वेळी हलवतो. फोर्कच्या कडा झिजल्या, शाफ्ट लांबीच्या दिशेने मागे-पुढे सरकू लागले किंवा पायाच्या यंत्रणेने फोर्क पुरेसा नेला नाही, तर एक गिअर सुटतो पण पुढचा लागत नाही.

म्हणून आधी फुकटात होणारे काम करावे. उजवे बाहेरचे कव्हर काढल्यावर गिअर लिव्हरची हालचाल मर्यादित करणारी एक प्लेट दिसते, तिला लांबट भोके असतात आणि ती दोन बोल्टांनी धरलेली असते. गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवत गिअर वर-खाली बदलावेत. एका दिशेला पाय जास्त न्यावा लागत असेल तर बोल्ट सैल करून प्लेट थोडी सरकवावी आणि दोन्ही दिशांना लागणारी चाल सारखी होईपर्यंत हे पुन्हा करावे. रॅचेटच्या स्प्रिंगा आणि गिअर जागेवर धरून ठेवणारा स्प्रिंगचा प्लंजर याच वेळी नवा घालावा. एवढ्यानेच पुष्कळ ‘खराब’ गिअरबॉक्स बरे होतात.

त्यानंतरही दोष राहिला तर आत जावे. लागलेला गिअर जोरात ओढताना सुटतो की नीट लागतच नाही, हा फरक महत्त्वाचा आहे. ओढताना सुटत असेल तर डॉग, म्हणजे गिअरच्या बाजूचे एकमेकांत अडकणारे दात, पाहावेत. त्यांच्या कडा चौकोनी आणि धारदार हव्यात. गोलाई आली असेल तर तो गिअर आणि त्याचा जोडीदार असे दोन्ही बदलावेत. नीट लागतच नसेल तर फोर्क आणि शाफ्टची मोकळीक यांच्याकडे वळावे. सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे स्लीव्ह गिअरचा बुश. मेनशाफ्ट या पोकळ गिअरमधून आरपार जातो आणि त्याच गिअरवर बाहेर चेनचे स्प्रॉकेट बसते. स्प्रॉकेट हाताने धरून वर-खाली हलवा; ते मेनशाफ्टभोवती डगडगत असेल तर बुश गेला आहे. अशा गाडीला कितीही ऑइल सील लावले तरी मागच्या चाकावर तेल उडत राहते, आणि चौथ्या गिअरखेरीज सर्व गिअरमध्ये गुणगुण ऐकू येते. नवा बुश दाबून बसवल्यावर आतून आकसतो, त्यामुळे तो शाफ्टच्या मापाला रीमर मारूनच घ्यावा.

रिकाम्या किकचे कारण किक शाफ्टवरचा खटका, त्याची स्प्रिंग आणि लेशाफ्टच्या (मेनशाफ्टला समांतर असलेल्या दुसऱ्या शाफ्टच्या) पहिल्या गिअरच्या आतले रॅचेटचे दात यांत सापडेल. खटक्याचे नाक गोल झालेले असेल तर खटका बदलावा. आतले दातही घसरलेले असतील तर फक्त नवा खटका टाकून उपयोग नाही, ते दात त्याचेही नाक काही आठवड्यांत खाऊन टाकतात. या भागाचा खरा शत्रू उलटी किक आहे. इग्निशन टायमिंग आगाऊ असले की इंजिन किक उलटी फेकते, आणि तो सगळा आघात या लहानशा खटक्यावर येतो. म्हणून जोडणीनंतर पॉइंटची (ठिणगीसाठी उघड-बंद होणाऱ्या संपर्काची) फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवून, अ‍ॅडव्हान्सची वजने पूर्ण मिटलेली असताना, पिस्टन टीडीसीच्या (त्याच्या सर्वांत वरच्या स्थानाच्या) आधी एक मिलिमीटरपेक्षाही कमी अंतरावर असतानाच पॉइंट उघडू लागतील असे टायमिंग लावावे. अंदाजाने ‘थोडे पुढे’ ठेवलेले टायमिंग या गाडीला सोसत नाही.

गिअरबॉक्समध्ये काय भरावे, यावर कारागिरांचे एकमत नाही. गळती लपवण्यासाठी घट्ट ग्रीस कोंबणारे पुष्कळ आहेत; घट्ट ग्रीसमध्ये गिअर आपल्यापुरती वाट पाडतात आणि बुशांपर्यंत काहीच पोहोचत नाही. बुश आणि सील नवे असतील तर ईपी ९० ग्रेडचे तेल भरावे आणि लेव्हलच्या प्लगपर्यंतच भरावे. थोडेसे पाझरले तरी ते मी खपवून घेतो.

शेवटी जोडणी. क्रँककेसच्या जोडाला पॅकिंग नसते, सीलिंग कंपाउंडचा पातळ थर पुरतो. हेडचे नट तिरप्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. टॅपेट पूर्ण थंड इंजिनावर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना लावावेत. पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. टॅपेटच्या झाकणातून थोडे तेल ओतावे, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत पंप आणि कॅम कोरडे राहत नाहीत. मग स्पार्क प्लग काढून, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून, टायमिंग कव्हरवरचा फीडचा प्लग सैल करून किक मारत राहावे, आणि तिथे तेल आल्यावरच तो आवळून स्पार्क प्लग बसवावा. सुरू झाल्यावर लगेच रॉकरच्या नळीचा बोल्ट थोडा सैल करून परतीचे तेलही पाहून घ्यावे. फीडचे तेल आले पण रॉकरला आले नाही, तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे.

पहिले काही दिवस गाडी सपाट रस्त्यावर, चाळीस-पन्नासच्या वेगाने, पण सतत एकाच वेगात न ठेवता चालवावी. घाट टाळता आला नाही तर वरच्या गिअरमध्ये रडत नेण्यापेक्षा खालचा गिअर घ्यावा, कारण कमी फेऱ्यांवर जड भार हाच नव्या बिग एंडला सर्वांत वाईट. इंजिन एकदा पूर्ण तापून पूर्ण थंड झाले की हेडचे नट पुन्हा आवळावेत आणि त्यानंतर टॅपेट पुन्हा लावावेत, कारण हेड बसले की पुशरॉडची मोकळीक बदलते. ५०० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलावेत. काढलेले तेल फडक्यातून गाळून पाहावे. रिंगांची बारीक राखाडी चकाकी अपेक्षित आहे, पितळी किंवा पांढऱ्या धातूचे कण दिसले तर गाडी उभी करून टायमिंग कव्हर उघडावे आणि सर्वांत आधी ते कॉर्कचे सील पाहावे.